मागच्या रांगेतले चाळीस बैल

आश्रुबा पेंटरला या कामातून मिळायचं होतं ते असं: एका बैलामागं तीनशे रुपये, बैल चाळीस, म्हणजे बारा हजार. प्लायवूड, रंग, ब्रश संस्थेचे. दुपारचा चहाही संस्थेचा. शिवाय एक कलम असं, की जे कुठल्याच वहीत घालता येत नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या दारात येऊन म्हणालं होतं, ‘हे काम तुझ्याबिगर कुणाच्या बापाला जमायचं न्हाई.’ बारा हजारांवर भुलली ती त्याची बायको जानकीबाई. आश्रुबा भुलला तो या शेवटच्या कलमावर. दोघांतलं शहाणं कोण, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

सावळदरा हे शिरूर कासार तालुक्यातलं गाव. दसरा झाला की निम्म्या गावाच्या दारांना कुलपं लागतात आणि माणसं ऊस तोडायला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, संस्थांचे पदाधिकारी आणि आश्रुबा. एके काळी गावात रंगवण्यासारखं जे जे होतं ते त्यानं रंगवलं होतं. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा, ट्रॉलीवरचे मोर, दूध संस्थेची पाटी, निवडणुकीत सगळ्या पक्षांची सगळी चिन्हं. मग शिरूरला फ्लेक्सचं मशीन आलं. चार तासांत दहा फुटी पुढारी छापून मिळायला लागला, वर मिशी काळी करून मिळे ती फुकट. आश्रुबा स्टँडवर त्या फ्लेक्ससमोर उभा राहून म्हणायचा, “डोळ्यात जीव न्हाई.” लोक म्हणायचे, “जीव कशाला पायजे बे? वाढदिवस हाय त्याचा.”

पहिली दोन वर्षं तो फ्लेक्सला शिव्या द्यायचा. मग स्वतःला द्यायला लागला. शेवटी शिव्याच बंद झाल्या, आणि ते जास्त वाईट होतं. बाजेवर पडून छताचे पत्रे मोजायचा. पत्रे अकरा होते. रोज अकराच भरायचे. जानकीबाई विचारायची, “कमी पडला का एखादा?” तर तो गंभीरपणे सांगायचा, “न्हाई, बरोबर हायेत.” ती पदर तोंडाला लावायची, आणि तो हसू दाबायला लावलेला नसायचा.

राहता राहिला पोळा. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावातल्या प्रत्येक बैलाची शिंगं आश्रुबाच रंगवायचा. जोडीमागं अर्धी पायली ज्वारी आणि एक नारळ, हा दर त्याच्या बापापासूनचा. वीस वर्षं असं बैलांच्या तोंडाशी तोंड नेऊन बसल्यामुळं कुणाच्या बैलाची पापणी अर्धी मिटते, कुणाचा ओठ लोंबतो, हे त्याला मालकापेक्षा जास्त ठाऊक. पण दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं आणि बैल बाजारात गेले. मागच्या पोळ्याला आश्रुबा रंगाचे डबे घेऊन गावभर हिंडला आणि झाकणं न उघडता परत आला.

अशा माणसाच्या दारात उन्हाळ्यात आप्पाराव आले.

आप्पाराव म्हणजे कपिलेश्वर सहकारी दूध उत्पादक संस्थेचे चेअरमन. दीड वर्षात संस्थेकडं दुधाचा थेंब आला नव्हता. पण दूध संस्था दुधावर चालते हा शहरातल्या माणसांचा गैरसमज आहे. संस्था चालते ठरावांवर. पाटी होती, खुर्च्या होत्या, संचालक मंडळ होतं, सगळं लिहून ठेवणारा सेक्रेटरी गहिनीनाथ होता. त्या साली संस्थेला चारा छावणी मिळाली. ज्यांची जनावरं उरलीत त्यांनी ती आणून बांधायची, आणि सरकार जनावरामागं रोजचे पैसे संस्थेला देणार. रजिस्टरला जनावरं होती एकशे चाळीस. दावणीला होती शंभर.

“आश्रुबा, बैल काढायचेत,” आप्पाराव म्हणाले.

“कोणत्या भिंतीवर?”

“भिंतीवर न्हाई, छावणीत. मागच्या रांगेत. प्लायवूडवर काढायचे, कापायचे, आन् टेकू लावून बशिवायचे. तपासणी पथकाचे साहेब येतेत, गेटजवळ मांडवात चहा पेतेत आन् तिथनंच मोजतेत. त्यांना बैल दिसला पायजे, बस.”

“फ्लेक्स कावून न्हाई करीत?”

“करून बगितला बे. उन्हात चमकतो. आन् बैलाच्या पोटाखाली छापणाऱ्याचा मोबाईल नंबर येतो.”

फ्लेक्स हरला होता. आश्रुबा बाजेवरनं उठून बसला. पुढचं बोलणं त्यानं उठून बसलेल्या माणसाच्या आवाजात केलं. “नाव कुठं टाकू? खाली कोपऱ्यात, एवढुसं?”

“बैलाच्या बुडाशी पेंटरचं नाव असतं का बे? ध्यानात घे. ते चित्र न्हाई, तो बैल हाय. रजिस्टरला बैल, बिलाला बैल. तू त्यो काढलाच न्हाईस.”

“मंग पैसे कशाचे?”

“न काढल्याचे.”

“हो म्हणा की!” आतून जानकीबाई ओरडली.

आश्रुबानं पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवली: सगळे बैल बसलेले काढायचे. उभा बैल शेपूट हलवतो, पाय बदलतो. बसलेला बैल फार तर रवंथ करतो, आणि पोटात काही नसलं की तेही करत नाही. म्हणजे दुष्काळातला बसलेला बैल हा मुळातच निम्मा चित्र असतो. राहिलेला निम्मा आश्रुबानं काढायचा. वर त्यानं प्रत्येक बैलाच्या डोळ्याशी आणि नाकपुडीशी गुळाचं पाणी लावलं. माश्या आल्या. त्या खऱ्या होत्या.

दुसरी गोष्ट त्यानं ठरवली नाही, ती झाली. आप्पारावांनी सांगितलं होतं, कुठलेबी चाळीस बैल काढ. पण ‘कुठलाबी बैल’ आश्रुबानं आयुष्यात पाहिलेलाच नव्हता. ब्रश टेकला की धोंडीरामाचा सर्जा यायचा, लोंबत्या ओठाचा. मग बंकटचा ढवळ्या, डाव्या कानाला फाटलेला. नवव्या दिवशी छबुबाईचा पवळ्या आला, डाव्या शिंगाला चीर असलेला. पोळ्याला आश्रुबा ती चीर रंगानं बुजवून टाकायचा, सणाला खोट दिसू नये म्हणून. इथं त्यानं ती बुजवली नाही. इथं झाकायचं कुणासाठी?

गहिनीनाथाला तर हे फारच सोयीचं झालं. छावणीच्या रजिस्टरला जनावराचा रंग, शिंगं, खूण आणि मालक असे चार रकाने. तो प्लायवूडसमोर वही घेऊन बसायचा. “हा कुणाचा?” “धोंडीरामाचा.” “खूण?” “वठ लोंबतो.” अशी चाळीस नावं भरली. जिल्ह्यात त्या साली इतकं तंतोतंत रजिस्टर दुसरं नसावं. बैल नव्हते, एवढी एकच चूक त्यात होती.

तांदळे साहेबांचं पथक आलं ते भर दुपारी. साहेब मांडवात बसले, कपाळाला रुमाल लावला, बोटानं हवेत मोजलं. एकशे चाळीस. सही केली. आश्रुबा हातात खराटा घेऊन शेणाच्या ढिगाशी उभा होता, गडी म्हणून. चहाचा दुसरा घोट घेऊन साहेब म्हणाले, “चेअरमन, एक विचारू? मागच्या रांगेतली जनावरं तब्येतीनं उजवी दिसतात. शांत आहेत, ओरडत नाहीत. पुढच्यांना काय झालंय?”

“मागच्यांना जरा जपतो, साहेब,” आप्पाराव म्हणाले.

“मग पुढच्यांनाही तोच खुराक चालू करा.”

आप्पारावांनी साहेबांचा शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या रांगेचा चारा मागच्या रांगेइतकाच केला, म्हणजे जवळजवळ बंद. जनावरं ओरडायला लागली, तेव्हा लोकांनी थोडा चालू करून घेतला.

आश्रुबा मात्र त्या दिवशी घरी तरंगत गेला. “साहेब म्हणले, उजवी हायेत. पुढच्या खऱ्यांपरास उजवी!”

“तुमाला म्हणले का बैलाला?” जानकीबाईनं विचारलं.

हा प्रश्न मग त्याच्या मागंच लागला. साहेब तीनदा आले, तीनदा त्यांनी बैलांची तारीफ केली, आणि तीनही वेळा आश्रुबा खराट्याला टेकून तिथंच उभा. चित्र वाईट असतं तर लगेच ओळखलं असतं, आणि शिव्या का होईना, त्याच्या नावानं पडल्या असत्या. चित्र चांगलं, म्हणून तो कुठंच नाही. जेवढा हात चांगला तेवढा माणूस गायब, असा हा धंदा. तो पुन्हा पत्रे मोजायला लागला. एक दिवस बारा भरले. तेव्हा जानकीबाई घाबरली.

त्यातच छावणीला ‘आदर्श छावणी’ ठरवलं गेलं. मांडव घातला, तांदळे साहेबांनी आप्पारावांना शाल पांघरली. आप्पारावांनी भाषणात सगळ्यांचे आभार मानले. टँकरवाल्याचे, कडबा कुट्टी करणाऱ्याचे, चहा करणाऱ्याचे, माईकवाल्याचे. माईकवाल्याचं नाव आलं तेव्हा आश्रुबा उठला. आपण उठलोय हे त्याला उभं राहिल्यावर कळलं.

“साहेब, त्ये मागचे चाळीस बैल मी काढलेत.”

“कुठून काढलेत?” साहेबांनी विचारलं.

“ब्रशनी.”

मांडव हसला. साहेबही हसायला गेले, पण मध्येच त्यांच्या चेहऱ्यावर तीन सह्या उमटल्या. त्यांनी आप्पारावांकडं पाहिलं. आप्पारावांनी त्यांच्याकडं पाहिलं. तेवढ्यात दोघांचा करार झाला, तोही बिनकागदाचा.

“साहेब, हात लावून बगा,” आश्रुबा म्हणाला.

“हात लावणं माझ्या कामात येत नाही. माझं काम मोजणं. मी तीनदा मोजलेत आणि माझ्या सहीखाली एकशे चाळीस जनावरं आहेत. चेअरमन, याला उष्णता झालीय का?”

“लई झालीया, साहेब.”

“मग मला तसा कागद द्या. माणूस आजारी असेल तर मी समजून घेईन. आजारी नसेल तर मात्र चौकशी लावावी लागेल.” आणि साहेब जीपमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी संचालक मंडळाची तातडीची सभा झाली. आश्रुबाला समोर बसवून गहिनीनाथानं ठराव क्रमांक सात वाचला: ‘श्री. आश्रुबा पेंटर यांचे डोके फिरले असल्याचे ही सभा एकमताने ठरवीत आहे.’ सूचक, अनुमोदक, टाळ्या. सहकारात सगळं एकमतानं होतं.

“आवो, मला इचारा तरी,” आश्रुबा म्हणाला.

“तू सभासद हायेस का संस्थेचा?” गहिनीनाथानं विचारलं. तो नव्हता. त्याच्याकडं म्हैस कधी नव्हतीच.

मग आप्पारावांनी त्याला बाजूला घेतलं. खांद्यावर हात टाकला. “हे बग आश्रुबा, हिशेब सोपा हाय. बैल खरे असले तर तू येडा. तू शहाणा असलास तर बैल खोटे. दोन्ही संगट बसत न्हाईत. तू शहाणा निघालास तर मी आत, साहेब आत, आन् बैल कुणी काढले म्हणून तू बी आत. येडा निघालास तर सगळे बाहेर, आन् तुजे बारा हजार तुज्या हातात. बीडला जा, सरकारी दवाखान्यात डोक्याचं बगतेत. कागद घेऊन ये. दोनच महिने येडा हो. छावणी उठली की शहाणा करून घेऊ, तसा ठराव करतो की.”

शिरूरहून बीडची एसटी धरली तेव्हा आश्रुबाच्या मनात शंका नव्हती. वेडं व्हायचं. जानकीबाईनंही रात्रभर विचार करून तेच ठरवलं होतं. “डाक्टरीन काय बी इचारंल,” ती म्हणाली, “तुमी पत्र्यांचं सांगा. बारा भरले होते त्ये सांगा.”

डॉक्टरीणबाई चष्म्यातून बघणाऱ्या, थकलेल्या आणि कामाच्या होत्या. बाहेर रांग होती. “काय होतंय?”

“मी काढलेले बैल लोकांना बैल वाटतेत,” आश्रुबा म्हणाला.

“आणि तुम्हाला काय वाटतात?”

“फळ्या.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “बैल तुमच्याशी बोलतात?”

“न्हाई वो. फळ्या कशा बोलतील?”

“अवो, पत्रे!” जानकीबाई कुजबुजली.

“पत्रे मोजतो मी,” आश्रुबानं इमानदारीनं सांगितलं. “अकरा हायेत. एकदा बारा भरले. पर मंग उठून बगितलं तर एक फुटून दोन झालता.”

बाईंनी केसपेपर उलटा करून त्याच्याकडं सरकवला, पेन दिलं. “काढा एक बैल.” आश्रुबानं काढला. रांग खोळंबली. बाई बराच वेळ बघत राहिल्या. “हा बसलाय की आजारी आहे?”

“उपाशी हाय.”

“हो,” त्या म्हणाल्या. “दिसतंय.”

एवढंच म्हणाल्या. पण सहा वर्षांत कुणी बैलाकडं बघून वर त्याच्याकडं बघितलं नव्हतं. आश्रुबाला एकदम रडू आलं. तो नाक पुसत बसला आणि जानकीबाईला वाटलं, चला, आता तरी वेडा म्हणतील.

“तुम्हाला वेड नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही थकलात. लोक किती देतात, काय म्हणतात, त्याची वही वेगळी असू द्या. आणि आपलं काम कसं झालं, त्याची वही आपली वेगळी ठेवा. एकीतला तोटा दुसरीत ओढू नका. झोप येत नसेल तर पुढच्या बुधवारी या.”

“बाई,” जानकीबाई म्हणाली, “दोन्ही वह्या कोऱ्याच हायेत.”

बाई पहिल्यांदा हसल्या, आणि शिक्का मारून कागद दिला: सदर इसम मानसिकदृष्ट्या तंदुरुस्त आहे. बैल आपण काढले असे तो सांगतो, आणि तो ते काढू शकतो असे दिसते.

परतीची एसटी सुटली. बीड मागं पडल्यावर जानकीबाई म्हणाली, “बारा हजार गेले.” मग तिकिटं पदराला बांधली आणि म्हणाली, “येडे न्हाई तुमी, ह्ये बरं झालं.” ही दोन्ही वाक्यं ती एकाच आवाजात बोलली, त्यामुळं कुठलं जमेला आणि कुठलं खर्चाला, हे आश्रुबाला कळलं नाही.

त्यानं मात्र ठरवलं होतं. कागद आप्पारावांना द्यायचा, ते फाडतील, मग तोंडानंच वेडं म्हणवून घ्यायचं. दोन महिन्यांचा तर प्रश्न. बारा हजार म्हणजे बारा हजार. कागद खिशात घालून तो छावणीवर गेला.

मागच्या रांगेत पवळ्यासमोर छबुबाई बसली होती. छबुबाई म्हणजे आश्रुबाच्या आळीतली म्हातारी, गावाच्या नात्यानं आत्या. तिचा मुलगा-सून उसावर, आणि पवळ्या मागच्या पोळ्याआधीच बाजारात विकलेला. समोर भाकरीचा तुकडा ठेवून ती पवळ्याच्या नाकावरच्या माश्या हाकलत होती. गहिनीनाथ तिला सांगत होता, “आत्या, जनावराला त्रास देऊ नको.” मग तो निघून गेला.

“आत्या,” आश्रुबा हळूच म्हणाला, “फळी हाय ती.”

“मला काय डोळे न्हाईत का?” छबुबाई म्हणाली. “मागनं टेकू दिसतोय. मागं खिळे बी मोजलेत मी, सात हायेत.”

“मंग भाकर कुणाला?”

“पवळ्याला.”

“आत्या, पवळ्या तू इकला.”

“इकला ना. मी सवता कासरा हातात दिला त्या माणसाच्या. सोडताना मान वळवून बगितलं न्हाई त्यानं, रागानं. इथं बगतोय.” तिनं वाकून डाव्या शिंगावर बोट फिरवलं. “ही चीर. दर पोळ्याला रंगानं बुजवायचास मुडद्या, आन् म्या म्हणायची, बरं झालं, दिसत न्हाई. औंदा कावून न्हाई बुजवलीस?”

“सुचलं न्हाई.”

“बरं केलंस. नसती दिसली तर मी वळखलं नसतं. परवापासनं येतीया मी. फळी बी हाय आन् पवळ्या बी हाय. दोन्ही संगट का बसू न्हाई?”

आप्पारावांनी जे बसत नाही म्हणून सांगितलं होतं, ते म्हातारीनं बसवून दाखवलं, तेही भाकरीचा तुकडा ठेवून. आश्रुबा तिच्याजवळ खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं खिशातला कागद काढला, वाचला, घडी घातली. मग तो उठून संस्थेच्या ऑफिसात गेला. आप्पाराव नव्हते. टेबलाशी गहिनीनाथ होता.

“बीडचा कागद हाय. आवकला लाव.”

“येड्याचा ना?”

“वाचून बग.”

गहिनीनाथानं आयुष्यात कागद वाचला नव्हता. वाचायला लागलं की नोंदवायला वेळ उरत नाही. त्यानं तारीख टाकली, क्रमांक टाकला, ‘पेंटरचा दवाखाना’ लिहिलं, शिक्का मारला आणि फाईलला लावला. अशा रीतीनं संस्थेच्या दप्तरात एका कपाटात बैल खरे असल्याची नोंद, आणि दुसऱ्या कपाटात पेंटर शहाणा असल्याची नोंद, अशा दोन्ही सुखानं नांदायला लागल्या. पथकाचे साहेब एका वेळी एकच कपाट उघडत.

“बारा हजार मागायला येऊ का?” आश्रुबानं दुसऱ्या दिवशी आप्पारावांना विचारलं.

“येडा हायेस का तू?” आप्पारावांनी विचारलं. ते तपासत होते.

“न्हाई,” आश्रुबा म्हणाला. “कागद हाय आवकला.”

आप्पारावांनी फाईल उघडली, वाचली, पांढरे पडले. कागद फाडता येत नव्हता. क्रमांक पडला होता, आणि क्रमांक पडलेला कागद फाडायचा तर ठराव लागतो, ठरावात कागद काय होता ते लिहावं लागतं. “मंग पैसे न्हाई,” ते एवढंच म्हणाले. आश्रुबा ‘बरं’ म्हणाला. त्या दिवशी घरी येऊन त्यानं पत्रे मोजले नाहीत, तर जानकीबाईनं आपण होऊन मोजले. अकराच होते.

आषाढात तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला एक सर पडली. कागदावर ती सगळ्या तालुक्यात पडली, आणि छावण्या बंद करायचा हुकूम आला. हुकुमात एक ओळ होती: प्रत्येक जनावर रजिस्टरमधील मालकाच्या ताब्यात देऊन अंगठा अथवा सही घ्यावी. मांडवात टेबल लागलं. तांदळे साहेब स्वतः बसले. शंभर जनावरं हाडं वाजवत गेली. मग साहेबांनी पुढचं पान उलटलं.

“धोंडीराम. बैल एक. ओठ लोंबता. घेऊन जा.”

धोंडीराम उसावरून परतला होता. तो मागच्या रांगेकडं बघत उभा राहिला. “साहेब, सर्जा तर म्या इकलाय.”

“रजिस्टरला आहे. तुझा नाही म्हणतोस? मग कुणाचा चोरून आणला?”

धोंडीरामानं मुकाट्यानं सही केली आणि सर्जाला काखेत मारलं. मग बंकट आला. एकेक करून गाव आलं. साहेब मान वर न करता नावं पुकारत राहिले आणि सावळदऱ्याच्या रस्त्यानं माणसांच्या डोक्यावरून, काखेतून, सायकलच्या कॅरिअरवरून चाळीस बैल घरी चालले, सगळे बसलेले. छबुबाईनं पवळ्याला चुंबळीवर घेतलं. शेऱ्याच्या रकान्यात साहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: जनावर चालत नाही, मालकिणीने डोक्यावर नेले.

आश्रुबा खराटा घेऊन बघत होता. वीस वर्षांत त्याचं काम असं मिरवणुकीनं कधी गेलं नव्हतं. शेवटचा बैल गेल्यावर आप्पाराव त्याच्याजवळ येऊन म्हणाले, “आता तर बोलूच नको. माल मालकांनी नेला. पैसे त्यांच्याकडं माग.”

मालकांनी बैल आपापल्या गरजेप्रमाणं लावले. धोंडीरामानं सर्जाला न्हाणीचं दार केलं, चित्राची बाजू बाहेर, कारण बायको म्हणाली, न्हाताना मला बघतो. बंकटच्या छपराचं भोक ढवळ्यानं बुजलं. पैसे मागायला आश्रुबा कुणाच्या दारात गेला नाही. गेला असता तर त्यांनी उलट त्याच्याकडंच नवी कडी मागितली असती.

श्रावण सरत आला, पोळा आला. आदल्या दिवशी छबुबाईचा निरोप आला, डबे घेऊन ये. तिच्या गोठ्यात पवळ्या दावणीला होता, गळ्यात जुनी घुंगरमाळ, खाली झाडून घेतलेलं. आश्रुबा मांडी घालून त्याच्या तोंडाशी बसला आणि शिंगं रंगवली, लाल आणि निळी. चिरेपाशी आला तसा हात थांबला.

“ऱ्हाऊ दे ती,” छबुबाई म्हणाली. “आन् खाली नाव टाक तुजं.”

“नाव?”

“मंग! उद्या कुणी म्हणाया नको, म्हातारीनं कुठनं चोरून आणला म्हणून. कुणी केला ते असू दे लिवलेलं.”

आश्रुबानं पुढच्या खुराशी बारीक अक्षरात नाव टाकलं.  

तर शेवटचा हिशेब असा. सरकारनं एकशे चाळीस जनावरांचे पैसे दिले. त्यातली शंभर अर्धपोटी, चाळीस बिनपोटी. आप्पारावांना शाल मिळाली आणि पुढच्या पाच वर्षांसाठी बिनविरोध चेअरमनकी. तांदळे साहेबांना बढती मिळाली. ठराव क्रमांक सात अजून रद्द झालेला नाही, त्यामुळं संस्थेच्या लेखी आश्रुबा वेडाच आहे, आणि त्याच संस्थेच्या आवक फायलीत शहाणा. बारा हजार येणे आहेत, ते येतच राहतील. चाळीस बैलांपैकी एकाचे दाम पोचले. दर जोडीचा होता, बैल एकच होता, म्हणजे व्हायची होती पाव पायली ज्वारी आणि निम्मा नारळ. छबुबाईनं मापटं भरभरून अर्धी पायली ओतली, सबंध नारळ वर ठेवला, आणि म्हणाली, “जोडीचा दुसरा पुढल्या साली काढ.”